गोव्याच्या तांबड्या मातीत वाटाणा: आधी चुना, जिवाणू की खत?

तांबडीमाती (धागाकर्ता), १८ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी आमचे घरचे शेत आहे. सरद (पावसाळी) भात कापले की विहिरीच्या पाण्यावर तिथे अळसांदे (गोव्याची टपोरी चवळी) आणि थोडी मिरची होते. गेल्या थंडीत एका कोपऱ्यात हिरवा वाटाणा पेरला. उगवण छान झाली, वीतभर वाढेपर्यंत झाडे बरी दिसत होती. मग खालची पाने पिवळी पडायला लागली आणि वाढ खुंटली. शेंगा धरल्या, पण एकेका शेंगेत दोन-तीन दाणे. त्याच बांधाला लागून असलेले अळसांदे मात्र नेहमीसारखे भरघोस.

दुकानदाराने युरिया सुचवला. त्याने पाने हिरवीगार झाली, शेंगा होत्या तेवढ्याच राहिल्या.

यंदा माती तपासून घेतली. सामू (पीएच, आकडा जितका कमी तितकी माती आंबट) ५.१, सेंद्रिय कर्ब चांगला, उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) कमी, लोह भरपूर. नोव्हेंबरच्या मध्यावर पुन्हा पेरायचा विचार आहे. तोवर मातीला काय द्यावे? चुना द्यायचा तर कोणता आणि किती? शेजारी अळसांदे इतके चांगले येतात, मग वाटाण्यालाच काय झाले?

शेत लहान आहे, पण घरचा ताजा वाटाणा खायची मुलांना फार हौस आहे. कृपया अनुभव लिहा.

मानकुराद

पहाटे बेळगावहून भाजीचे टेम्पो येतात, फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर वाटाणा मिळतो, एवढी यातायात कशाला? :) तरी वाचतोय. बसलोय पुढच्या बाकावर.

नत्रगाठ

तांबडीमाती, तुमच्या शेवटच्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे, म्हणून तिथून सुरू करते.

कडधान्याच्या मुळांवर गाठी येतात आणि त्यातले जिवाणू हवेतला नत्र (नायट्रोजन) झाडाला देतात, हे आपण शाळेत शिकलो. पण हे जिवाणू सगळ्या पिकांना सारखे चालत नाहीत. चवळी, अळसांदे, मूग, उडीद, भुईमूग यांचा एक गट. वाटाणा, मसूर, लाख यांचा दुसरा. तुमच्या शेतात वर्षानुवर्षे अळसांदे होतात, त्यामुळे पहिल्या गटाचे जिवाणू मातीत मुबलक असणार. वाटाण्याचे जिवाणू तिथे असण्याचे कारणच नाही, कारण ते पीक त्या मातीने कधी पाहिलेले नाही. म्हणून अळसांदे हिरवे आणि वाटाणा पिवळा.

यंदा बियाण्याला रायझोबियम (हेच ते गाठींचे जिवाणू) लावाल तेव्हा पाकिटावर पिकाचे नाव वाचून घ्या. 'वाटाणा' लिहिलेलेच हवे. ते नसेल तर मसुराचे चालते. चवळीचे किंवा सोयाबीनचे पाकीट गळ्यात मारले तर उपयोग शून्य.

दुसरे, युरिया. मुळांना आयता नत्र मिळाला की झाड गाठी धरायचा त्रास घेत नाही. पाला माजतो, फुले उशिरा येतात. सुरुवातीला हेक्टरी २० ते २५ किलो नत्र पुरे. गाठी कामाला लागेपर्यंतचा तो शिधा समजा, त्यापुढे नको.

तिसरे आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते म्हणजे सामू. ५.५ च्या खाली मातीतले ॲल्युमिनियम विरघळून मुळांच्या टोकांना मारते. मुळे आखूड, जाड, तपकिरी होतात. जिवाणूही अशा मातीत टिकत नाहीत. वाटाण्याला ६ ते ७.५ सामू आवडतो. अळसांदे आंबट माती बरीच सोसतात, वाटाणा सोसत नाही. तेव्हा आधी चुना, मग जिवाणू, मग स्फुरद. हा क्रम चुकवला तर वरचे दोन्ही खर्च वाया.

खाजनवाला

नत्रगाठ यांच्याशी सहमत, पण एक सावधगिरीची सूचना. हा धागा वाचून कोणी आपल्या खाजनात (खाडीकाठच्या खारट शेतात) चुना ओतू नये! आमची शेते मांडवीच्या काठाला. पाऊस संपला की मीठ वर येते, तिथे दुखणे क्षारांचे आहे. वाटाणा मीठ अजिबात सोसत नाही. माती तपासताना सामूबरोबर क्षारताही बघा. डोंगरपायथ्याची तांबडी माती आणि खाजन यांना एक औषध लागू पडत नाही.

सह्याद्रीपलीकडचा

मी बेळगाव जिल्ह्यातला, सासुरवाडी फोंड्याची. थोडे वेगळे मत मांडतो.

तुम्ही सगळे मातीच्या मागे लागला आहात, पण वाटाण्याला हवामान गोव्यात पुरत नाही. हे थंडीचे पीक. १० ते २० अंशांत खरे खुलते. दुपारी ३० च्या वर पारा गेला की फुले गळतात आणि शेंगेत दाणे कमी भरतात. पणजीत जानेवारीतसुद्धा दुपारी ३१-३२ असते आणि रात्री २० च्या आसपास. शेंगेत दोन-तीन दाणे हे लक्षण मला उष्णतेचे वाटते. चुन्याची पोती ओतून हवा थंड होणार नाही.

त्यापेक्षा अळसांदेच सुधारा. गोव्याचे अळसांदे आमच्याकडे मिळत नाहीत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मी दरवर्षी नेतो.

नत्रगाठ

@सह्याद्रीपलीकडचा, उष्णतेचा मुद्दा बरोबर आहे, पण खालची पाने वीतभर उंचीलाच पिवळी पडली होती आणि युरिया दिल्यावर हिरवी झाली. ही सरळ नत्राची उपासमार. दाणे कमी भरले त्यात उष्णतेचा हात असेल, तेवढे मान्य. दोन दुखणी एकाच वेळी असू शकतात.

डिचोली-सत्तरीकडे रात्री किनाऱ्यापेक्षा गार असतात. लवकर येणारा वाण घेतला आणि नोव्हेंबरच्या मध्यावर पेरला, तर फुलोरा डिसेंबरअखेर ते जानेवारीत सापडतो. गोव्यात त्याहून थंड दिवस नाहीत. अर्केल हा जुना, बुटका, लवकर येणारा वाण आहे. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने उष्णता सोसणारे वाण काढले आहेत, अर्का चैत्रा त्यांपैकी एक. मिळाला तर तोच घ्या. डिसेंबरअखेर पेरलेला वाटाणा मात्र नक्की फसतो.

सह्याद्रीपलीकडचा

पिवळेपणाचे पटले. फेब्रुवारीत फुलोरा येऊ देऊ नका, एवढेच माझे म्हणणे.

काणकोणची_शैला

आमच्याकडे सासूबाई अळसांद्यांना चुलीतली राख घालत. पेरणीआधी वाफ्यात पसरायच्या आणि रोपे लहान असताना पानांवरही भुरभुरायच्या, मावा येऊ नये म्हणून. खत म्हणाल तर गोठ्यातले कुजलेले शेण. बांगडे-तारले उरले, खराब झाले तर ते माडाच्या आळ्यात, भाजीला कधी नाही. आता चूल नाही, राख नाही. गॅसवर राख कुठून आणू?

मला विचारायचे आहे की राखेने चुन्याचे काम होते का? आणि पूर्वी शिंपल्या भाजून घराला लावायचा चुना करत, तो शेतात चालेल का?

रसायनवेडा

शैलाताई, दोन्हींची उत्तरे 'हो', पण हाताने मोजून.

लाकडाच्या राखेने मातीचा आंबटपणा कमी होतो, वर पालाशही (पोटॅश) मिळते. ताकद मात्र लाकडावर आणि राख कशी साठवली यावर ठरते. पावसात भिजलेल्या राखेतले पालाश वाहून गेलेले असते. कोरडी ठेवा आणि युरियात मिसळू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातो.

शिंपल्यांचा चुना उत्तम. शिंपली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. न भाजता दळली तर तिचे काम सावकाश चालते, आणि पूड जितकी बारीक तितकी लवकर लागू पडते. जाडाभरडा चुरा टाकला तर या हंगामात फरक दिसणार नाही. भाजून, पाणी मारून विरवलेला चुना जास्त तेज असतो. १०० किलो चुनखडीच्या पुडीचे काम ७४ किलो विरवलेला चुना करतो. हातापायांना लागला तर पोळतो, डोळ्यांत गेला तर फार वाईट. वारा नसताना पसरा, तोंडाला फडके बांधा.

मातीत मॅग्नेशियम कमी असेल तर डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी) घ्या, दोन्ही कामे होतात.

तांबडीमाती

इतकी माहिती एकत्र कुठेच मिळाली नव्हती. सर्वांचे आभार. आमचा वाटाण्याचा तुकडा १०० चौरस मीटर धरा. त्याला किलोत सांगाल का? हेक्टरचे आकडे डोक्यात बसत नाहीत.

नत्रगाठ

हे घ्या, १०० चौरस मीटरला.

चुना: सामू ५ च्या आसपास असताना सगळीकडे पसरायचा तर साधारण २० किलो चुनखडी पूड, म्हणजे हेक्टरी दोन टन. जमीन चिकण असेल तर जास्त, रेताड असेल तर कमी लागतो, म्हणून नेमका आकडा माती तपासणाऱ्यांकडून मागून घ्या. खर्च वाचवायचा तर फक्त पेरणीच्या ओळीत द्या, २ ते ४ किलोत भागते. पण मग तो दरवर्षी द्यावा लागतो. मातीत चांगला मिसळा आणि पेरणीपर्यंत दोन-तीन आठवडे जाऊ द्या. माती ओलसर हवी, कोरड्या ढेकळांत चुना नुसता पडून राहतो.

शेणखत: पूर्ण कुजलेले, १५० ते २०० किलो. ताजे शेण नको.

स्फुरद: हेक्टरी ६० किलो धरले तर पावणेचार किलो सिंगल सुपर फॉस्फेट. त्यात गंधक आणि कॅल्शियमही असते, कडधान्याला दोन्ही लागतात. हे पेरणीच्या वेळी ओळीत, बियाण्याच्या बाजूला आणि थोडे खाली द्या. आपल्या मातीतले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात. सगळीकडे फेकले तर झाडाला मिळण्याआधी मातीच गिळते. चुन्याबरोबर एकाच दिवशी तर मुळीच देऊ नका.

युरिया: पेरणीच्या वेळी ४३० ग्रॅमच्या आसपास, एकदाच. त्यानंतर हात आखडता.

पालाश: म्युरेट ऑफ पोटॅश ६५०-७०० ग्रॅम. अहवालात पालाश चांगले असेल तर सोडून द्या.

बोरॉन आणि मॉलिब्डेनम ही दोन सूक्ष्मद्रव्ये जांभ्या मातीत कमी पडतात. मॉलिब्डेनमशिवाय गाठींतले जिवाणू नत्र बांधूच शकत नाहीत. सामू वाढला की मातीतले मॉलिब्डेनम आपोआप मोकळे होते, म्हणून चुन्याने हे कामही बऱ्याच अंशी होते. बोरॉन तपासणीत कमी दिसला तरच द्या, जास्त झाला तर विष.

दुधसागर_एक्स्प्रेस

मृदा आरोग्य पत्रिकेत (माती तपासणीच्या सरकारी कार्डात) मॉलिब्डेनम असते का? आमच्या कार्डावर दिसले नाही.

रसायनवेडा

नसते. पत्रिकेवर १२ गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब.

नमुना नीट घेतलेला असेल तरच त्या आकड्यांना अर्थ. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीसारखा वीतभर खोल खड्डा करायचा, त्याच्या एका बाजूने वरपासून तळापर्यंत बोटभर जाडीची माती तासून घ्यायची. सगळी घमेल्यात मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. बांधाजवळची, झाडाखालची, शेणाच्या ढिगाजवळची माती नको. सावलीत वाळवा. उत्तर गोव्यातल्यांना जुने गोवेचे कृषी विज्ञान केंद्र, दक्षिणेतल्यांना मडगावचे. तिथली माणसे समजावून सांगतात.

जीवामृत_समर्थक

सगळे रासायनिक खतांच्या पोत्यांवरच बोलताय. माझ्या परसात जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ यांचे आंबवण) आणि पाल्याचे आच्छादन यांवर सगळे येते. सुपर फॉस्फेट न वापरता स्फुरद देता येत नाही का?

नत्रगाठ

येते की. रॉक फॉस्फेट वापरा. तो खाणीतला नैसर्गिक दगड दळलेला असतो आणि आंबट मातीतच तो विरघळतो, त्यामुळे आपल्याकडे तो खरोखर उपयोगी आहे. फक्त चुना मारून सामू वर नेला की त्याचे विरघळणे मंदावते, म्हणून तो चुन्याच्या बराच आधी, शेणखतात मिसळून द्या. स्फुरद विरघळवणारे जिवाणू खतही मिळते, तेही शेणखतातून.

पण जीवामृताने सामू ५.१ चा ६ होणार नाही. तिथे चुना किंवा राख लागणारच, आणि दोन्ही निसर्गातलीच आहेत. आच्छादनाचे मात्र शंभर टक्के पटले. त्याने माती थंड राहते, वाटाण्याला ते फार हवे.

लाल_पाणी

डिचोलीचे नाव निघाले म्हणून लिहितो. आमच्या गावात प्रश्न खताचा नाही. खाणीवरचा गाळ पावसात वाहून शेतात बसला आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणींची ८८ लीजेस रद्द केली, खाणी थांबल्या, तरी गाळ काही उठून गेला नाही. वाळला की टणक पापडी होते, उगवलेला कोंब तिला डोक्याने ढकलतो आणि वाकतो. पाणी मुरत नाही. वडील हयात असताना याच शेतात वायंगण (पावसाळ्यानंतरचे भात) घेत. नुकसानभरपाईसाठी कागद करून थकलो. अशा मातीत काय करावे, कोणी सांगेल का?

रसायनवेडा

दादा, वाचून वाईट वाटले. गाळाचा थर जाड असेल तर तो काढल्याशिवाय इलाज नाही. पातळ असेल तर पावसाआधी ताग किंवा धैंचा (हिरवळीच्या खताची पिके) पेरून फुलावर यायच्या सुमारास गाडा, शेणखत भरपूर द्या, आणि पेरणी सपाट वाफ्यात न करता सरी-वरंब्यावर करा, म्हणजे पापडी कमी धरते. एकदम वाटाणा नको, आधी अळसांदे किंवा चवळी घ्या. त्यांची मुळे खोल जातात. गाळातली माती वेगळी आणि खालची मूळ माती वेगळी तपासा, एकत्र नको.

मानकुराद

@लाल_पाणी, आमचेही शेत असेच गेले. तुम्ही कागद सोडू नका. ग्रामसभेत विषय घ्या, गावातले सगळे एकत्र आलात तर गाळ काढायच्या कामाला जोर येतो.

वायंगणकार

कोणी गुरांबद्दल का बोलत नाही? सरद भात कापले की गावात गुरे मोकळी सुटतात, आणि त्यात एकाच माणसाचे शेत हिरवे असले की सगळी तिथेच. जमिनीला कितीही चुना द्या, कुंपण नसेल तर रात्रीत साफ. शेजारच्या चार शेतकऱ्यांनी मिळून अळसांदे, मिरची, वाटाणा असे काहीतरी लावा म्हणजे राखणही वाटून घेता येते. मोरांचे काय करायचे ते मला अजून कळलेले नाही. कोंब वर आला की टोचून खातात.

दुधसागर_एक्स्प्रेस

मोरांसाठी आम्ही उगवणीपर्यंत वाफ्यावर माडाची झावळे आडवी टाकतो. कोंब वर येताच उचलायची, नाहीतर रोपे लांबुडकी होतात. माकडांवर मात्र उपाय सापडलेला नाही, तो मीही शोधतोय.

सह्याद्रीपलीकडचा

विषय थोडा सोडून: शैलाताई, अळसांद्याच्या तोणाकाची (भाजलेल्या खोबऱ्याच्या रश्शाची) कृती द्या ना. बायको फोंड्याची असूनही म्हणते 'आईसारखे होत नाही'.

काणकोणची_शैला

अळसांदे रात्री भिजत घाला. खोबरे आणि कांदा लालसर भाजा, धणे, मिरे, लवंग, सुकी मिरची वेगळी भाजा, मग सगळे बारीक वाटा. 'होत नाही' त्याचे कारण बहुतेक खोबरे कमी भाजणे. करपायच्या जरा अलीकडे थांबायचे. बाकी पाककृतीचा वेगळा धागा काढा, इथे नत्रगाठताई रागावतील. :)

नत्रगाठ

रागावत नाही, जेवायला येते!

बियाण्याला जिवाणू कसे लावायचे ते राहिले होते. १०० चौरस मीटरला किलोभर बियाणे लागेल. पाणी आणि गूळ उकळून पूर्ण गार करा. त्यात २५ ग्रॅम जिवाणू खत कालवून घमेल्यात बियाण्यावर घाला आणि हाताने हलके फिरवा. दाणा चोळायचा नाही, साल फाटते. प्रत्येक दाण्यावर काळसर पातळ लेप दिसला पाहिजे. गोणपाटावर सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. ऊन लागले की जिवाणू मेले. बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी, जिवाणू शेवटी. ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) वापरलात तर ते जिवाणूंबरोबर चालते, मर रोगासाठी किलोला ४-५ ग्रॅम.

भाताच्या शेतात चिखलणीमुळे खाली घट्ट थर असतो. तो फोडा आणि पाणी साचू देऊ नका. मुळांना हवा नसेल तर गाठी बसतच नाहीत.

तांबडीमाती, ६ जानेवारी

धागा वर काढतो. तुकड्याचे दोन भाग केले. दोन्हींत चुना, शेणखत, सुपर फॉस्फेट आणि युरियाचा पहिला हप्ता सारखाच. एका भागातल्या बियाण्याला वाटाण्याचे जिवाणू लावले, दुसऱ्याला नाही.

आज दोन्हींकडचे एकेक झाड खुरप्याने मातीच्या गोळ्यासकट काढून बादलीत धुतले. जिवाणू लावलेल्याच्या मुख्य मुळाभोवती गाठींचे घोस आहेत. नखाने एक फोडली तर आत गुलाबी, जवळजवळ मांसासारखा रंग. दुसऱ्याच्या मुळावर इकडेतिकडे चार बारीक गाठी, आत पांढुरक्या. मुळे मात्र दोन्हींकडे लांब आणि पांढरी, गेल्या वर्षीसारखी आखूड नाहीत. फुलोरा सुरू आहे, पहिल्या शेंगा चपट्या आहेत.

दोन प्रश्न. जिवाणू न लावलेला भाग फिका पडतोय, त्याला आता युरिया देऊ का? आणि काही पानांवर पांढरी भुकटी दिसते, ती भुरीच (बुरशीचा रोग) का?

नत्रगाठ

वा! गुलाबी म्हणजे गाठ कामावर आहे, पांढरी म्हणजे रिकामी. चुन्याने मुळे सुधारली असावीत आणि जिवाणूंनी गाठी आणल्या, जिवाणूंचा वाटा तर तुम्ही वेगळा करून दाखवलात. आमच्या सगळ्या लिखाणापेक्षा हे मोलाचे आहे.

फिक्या भागाला आता थोडा युरिया द्यायला हरकत नाही, तिथे गाठींवर अवलंबून राहण्यासारखे काही नाही. पाणी दिल्यावर, मुठीने, दोन ओळींच्या मध्ये. चांगल्या भागाला अजिबात नको.

सह्याद्रीपलीकडचा

भुरीच ती. पाण्यात विरघळणारे गंधक संध्याकाळी फवारा, दुपारच्या उन्हात पाने करपतात. फुलोऱ्यात पाणी तोडू नका, दुपारी माती तापू देऊ नका. शेंगेत किती दाणे भरतात ते दोन्ही भागांचे मोजून लिहा. माझ्या उष्णतेच्या मुद्द्याचा निकाल त्यातच लागेल.

वायंगणकार

आणि तोडणी संपली की झाडे उपटू नका. विळ्याने जमिनीलगत कापा, मुळे आतच राहू द्या, पाला तिथेच पसरा. पुढच्या सरद भाताला ते खत आहे. शिवाय वाटाण्याचे जिवाणू आता मातीत रुजलेत, तर पुढच्या वर्षी जागा बदलणार असाल तेव्हा याच वाफ्यातली दोन घमेली माती नव्या वाफ्यात मिसळा. मर रोग दिसला असेल तर मात्र नको, रोगही बरोबर जाईल.

लाल_पाणी

मी धैंचाचे बियाणे बघून ठेवले आहे. मेअखेरीस पेरतो. डिचोली-साखळीकडे कोणाकडे जास्तीचे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, दोन-तीन शेजारीही तयार झालेत.